लाल दाण्यांचं पाणी

३ मार्च, सोमवार

ओतून द्यायचं म्हणे! एकदा नाही — तीनदा!

ती इस्पितळातली आहारवाली. पोरगीच आहे. समोर छापील तक्ता, हातात पेन्सिल. "मावशी, अझुकी, म्हणजे तुमचे लाल दाणे, बंद करायची गरज नाही. पण रात्रभर भिजवा, ते पाणी ओता. मग भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा, तेही ओता. तिसऱ्या पाण्यात मऊ शिजवा आणि तेसुद्धा गाळून टाका."

"आणि वाटीत काय उरणार? चोथा?"

"प्रथिनं उरतात. ती दाण्यातच असतात. लोहही बरंचसं उरतं. पाण्यात उतरतं ते पोटॅशियम, आणि तेच आपल्याला नकोय."

मावशी! तीस वर्षं मी सभांमधून ओरडत आले — लाल दाण्यांचं पाणी ओतू नका, ते गरिबाचं रक्त आहे. धुलाई कारखान्याच्या खानावळीत भिंतीवर माझं वाक्य पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलंय. ताकद पाण्यात आहे — ओतू नका! आणि ही मला तक्ता दाखवते.

तिच्याशी भांडले असते. मुद्दे तयार होते. पण शेजारच्या खुर्चीत दादा बसला होता. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा सैल सोडलेला. त्याच्या किडन्या पंधरा टक्क्यांवर आल्यात. पोटॅशियम ६.१. पाचाच्या आत हवं. डॉक्टर दरवाज्याकडे बघत म्हणाले, "वाढत गेलं तर हृदय अचानक थांबू शकतं. आधी काही कळत नाही." डायलिसिस आहे, पण दादाचं हृदय आधीच थकलेलं. यंत्र झेपेल याची खात्री ते देत नाहीत. तीन आठवडे आहारावर बघायचं, मग ठरवायचं.

दादा बाहेर येऊन काय म्हणाला? (त्याची मी लहानपणापासून ठिणगी.) "ठिणगे, त्या पोरीचं ऐक. तू आज वीस मिनिटं गप्प बसलीस. डॉक्टरपेक्षा मला तुझीच काळजी वाटायला लागलीय."

४ मार्च, मंगळवार

केलं. सांगितलं तसं केलं.

रात्री भिजवलेले दाणे सकाळी फुगून दुप्पट झाले होते. बारीक, गर्द तांबडे, कडेला पांढरी रेघ. डोळा मिटल्यासारखी. लहानपणी आम्ही त्यांना नुसतं 'लाल दाणे' म्हणायचो. अझुकी हे नाव मी पुष्कळ नंतर पुस्तकात वाचलं.

पहिलं पाणी फिकट गुलाबी. दुसरं उकळलं तेव्हा विटेच्या रंगाचं झालं, वर फेस. तिसऱ्यात पाऊण तास मंद शिजवले, बोटांनी चिरडता येईतो. दाणे काळपट, पाणी रक्तासारखं. स्वयंपाकघरभर तोच वास — मातीचा, किंचित गोड. या वासाने मला कायम चार वर्षांची केलंय. आई दिवसभर कामावर, दादा स्टुलावर चढून पातेलं ढवळतोय.

पातेलं मोरीपर्यंत नेलं आणि हात थांबला. नाहीच ओतवलं. सगळं पाणी गाळून मोठ्या डेगीत भरलं. ओट्याखाली ठेवलंय. थंड झालं की झाडांना घालीन. गॅलरीत सात कुंड्या आहेत. माणसाला नाही तर नाही, झाडांच्या तरी अंगी लागेल!

दादाला वाटीभर दाणे दिले. त्यावर लिंबू — पोरगी म्हणाली थोडं लिंबू चालेल, त्याने लोह अंगी लागतं — कांदा, मिरपूड. मीठ नाही. जेवल्यावर तासभर चहा नाही. ते मी तीस वर्षं सांगतेच आहे. चहा लोहाला आडवा येतो. निदान तेवढ्यात तरी मी आणि तो तक्ता एकमताचे!

५ मार्च, बुधवार

दादा वाटी बघून — "ओला पुठ्ठा छान शिजलाय."

६ मार्च, गुरुवार

गुरुवार. खानावळीत लाल दाण्यांचा दिवस. तीस वर्षांत चुकलेला नाही. कामाची पाळी सुरू होण्याआधी प्रत्येकाला पेलाभर कोमट लाल पाणी, लिंबू पिळून. मग दाणे आणि भात. आणि मग दहा मिनिटं मी.

आज जाऊ नये असं वाटत होतं. गेले. इस्त्रीखात्यातल्या, पिळणी यंत्रावरच्या, सगळ्या बायका पेले घेऊन उभ्या. पळीवाली — खानावळीची मुख्य आचारीण, पातेल्यात पळी आपटून शिस्त लावते म्हणून पळीवाली — ती म्हणाली, "बाई, आज आवाज चढत नाही तुमचा. पेला घ्या आधी!"

घेतला. प्याले. आणि तीच गोष्ट सांगितली, जी मी शंभरदा सांगितली असेल. लहानपणी घरात एक पातेलं लाल दाणे शिजायचे. दाणे मी खायची, पाणी भाऊ प्यायचा. तो मोठा होऊन वजनकाटे दुरुस्त करणारा झाला, मणामणाची लोखंडी वजनं एका हाताने उचलायचा. आणि मी? ही अशी, काडी पैलवान! आता सांगा, ताकद कुठे होती?

"पाण्यात!" सगळ्या ओरडल्या. हशा. टाळ्या.

दादा मागच्या बाकावर बसला होता. दर गुरुवारी येतो. या गोष्टीला तो नेहमी मान खाली घालतो. लाजतो बिचारा.

घरी तीनदा ओतायचं आणि इथे 'ओतू नका' म्हणून गर्जायचं! परतताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दादाला म्हटलं तर म्हणाला, "तू निरोगी माणसांना सांगतेस. मी मोडका काटा. मोडक्या काट्याचं माप वेगळं."

९ मार्च, रविवार

सगळं तोलून देते. त्याचाच जुना छोटा काटा टेबलावर ठेवलाय. कोरडे दाणे तीस ग्रॅम, त्याहून एक दाणा जास्त नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, केळं नाही. पिण्याचं पाणी दिवसाला एक लिटर — बाटलीवर त्याने स्वतः तेलखडूने रेघा मारल्यात, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाटली संध्याकाळी निम्मी भरलेली असते!

"तहान नाही लागत?"

"सवय झाली."

हा माणूस सतरा वर्षांचा होता आई गेली तेव्हा. मी अकराची. शाळा सोडून काटेवाल्याच्या दुकानात बसला, मला शिकवलं. माझ्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्याच्या हातच्या ग्रीसच्या वासाचं आहे. भुकेवर थोरामोठ्यांनी लिहिलेले सगळे ग्रंथ मी वाचलेत, आणि ते मला वाचायला मिळावेत म्हणून तो कितीदा उपाशी राहिला ते मी कधी विचारलं नाही.

१० मार्च, सोमवार

६.४.

वाढलं! उतरलं नाही — वाढलं!

आहारवालीने माझ्याकडे बघितलं. शिक्षक कॉपी करणाऱ्याकडे बघतात तसं. "मावशी, खरं सांगा. पाणी ओतता ना?"

"ओतते!"

"मिठाऐवजी दुसरं कुठलं मीठ? फळांचा रस? शहाळं?"

नाही! नाही! नाही! मी टेबलावर हात आपटला. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. दादा त्यांना म्हणाला, "काही नाही, सभा चालू आहे."

एका आठवड्यानं पुन्हा रक्त. मी काय चुकतेय? काय?

१२ मार्च, बुधवार

दाणे चार तास जास्त भिजवले. पाणी आणखी दोनदा बदललं. आता पाच वेळा होतं. दाण्यांत जीव म्हणून राहिला नाही. बघवत नाही त्यांच्याकडे.

आहारवालीला फोन केला. तिने शांतपणे सगळं पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, "हिशेब जुळत नाही, मावशी. एवढ्या आहारात एवढं पोटॅशियम येतच नाही. कुठून तरी येतंय."

कुठून? हवेतून?

१३ मार्च, गुरुवार

खानावळीत गेले नाही. तीस वर्षांत पहिला गुरुवार. संघटनेच्या सेक्रेटरीला कळवलं, घसा बसलाय. खोटं.

दादाच्या पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढली. बाटली अर्धी तशीच. पाणी पीत नाही तरी सुजतो! बोट दाबलं की खळगा तसाच राहतो, ओल्या मातीत राहावा तसा.

आणि गॅलरीतल्या कुंड्या सुकल्यात. दादाच म्हणाला होता, "तू चुलीशी बघ, झाडांचं मी बघतो." रोज ते पाणी घालतो. तरी पानं खाली पडलीत. त्या पाण्यात झाडांनाही न मानवणारं काहीतरी असावं. तीस वर्षं मी लोकांना काय पाजत होते?

१६ मार्च, रविवार

सकाळी दादा खुर्चीतून उठला आणि परत बसला. "छातीत मासा उडतोय," म्हणाला. हसत म्हणाला!

इस्पितळ. ६.८. छातीला तारा लावल्या, आलेख काढला, शिरेतून काहीतरी सोडलं, पुडी कालवून पाजली. कागदावरची रेघ मी बघत होते. डॉक्टरांनी एका ठिकाणी पेनाने गोल केला. "हे टोक असं उंच नको होतं. चोवीस तास इथेच. पंचवीस तारखेला डायलिसिसचं ठरवून टाकू. आता पर्याय राहिला नाही."

"झेपेल त्याला?"

"प्रयत्न करू."

प्रयत्न! मी आयुष्यभर आभाळातल्या बापाविरुद्ध बोलत आले. आज जिन्याखाली उभं राहून त्याला हाक मारली. मोठ्याने. एक सफाईवाली बाई थांबली, म्हणाली, "ऐकतो तो, पण हळू बोला, वॉर्ड आहे."

१७ मार्च, सोमवार

घरी आणलं. ५.९ वर. एका दिवसात, नुसत्या इस्पितळाच्या जेवणावर आणि औषधावर! म्हणजे दोष माझ्या घरात आहे. माझ्या चुलीवर आहे.

१८ मार्च, मंगळवार

हे लिहवत नाही. लिहिते.

औषधं आणायला निघाले होते. कोपऱ्यावर आठवलं, चिठ्ठी टेबलावरच राहिली. परत आले. दार ढकलून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात आवाज — गट् गट् गट्.

दादा ओट्यापाशी जमिनीवर बसला होता. पाय पसरून. डेग मांडीवर तिरकी, पेला हातात. लाल पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलेलं. मला बघून त्याने पेला खाली ठेवला नाही. राहिलेलं संपवलं, मग ठेवला.

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"दादा!"

"ओरडू नकोस. हे बाटलीत मोजलेलं नाही. रेघेच्या खाली गेलो नाही मी."

"हे विष आहे तुला! त्या पोरीने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं — तुझ्यासमोर सांगितलं!"

मग तो म्हणाला. आजारी माणूस, ओठ लाल, आणि असा शांत! म्हणाला, "तूच म्हणतेस ना — ताकद पाण्यात आहे?"

मी खाली बसले. त्याच्या समोर, त्या ओल्या फरशीवर. मागच्या बाकावर तीस वर्षं बसून एका माणसाने माझा शब्दन् शब्द खरा मानला. हजारो माणसांत एकाने. आणि तो माझा दादा. आणि डेग त्याच्या हाताशी मी ठेवली. मीच! मोरीत ओतवेना म्हणून. बाकी सगळं तक्त्याबरहुकूम केलं, एवढी एक गोष्ट नाही केली.

डेग उचलली, मोरीत उपडी केली. भांडं वाजलं तेव्हा दादा दचकला.

१९ मार्च, बुधवार

दिवसभर समजावलं. प्रथिनं दाण्यात. लोह दाण्यात. पाण्यात क्षार उतरतात — निरोग्याला चांगले, तुला घातक. तक्ता वाचून दाखवला. पुस्तकं काढली.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरोबर असेल."

असेल! ज्याला मी एका वाक्यात पटवलं त्याला दहा पुस्तकांनी उलटं पटवता येत नाही. वाक्य भिंतीवर आहे. पुरुषभर उंच. ते तिथे आहे तोवर तो माझं घरातलं ऐकणार नाही.

२० मार्च, गुरुवार

गेले. दादाला रिक्षात घालून नेलं. मागच्या बाकावर बसवलं.

पेले वाटायला लागल्यावर म्हटलं, थांबा. आधी ऐका.

सांगितलं सगळं. एकही टाळीचं वाक्य घेतलं नाही. म्हटलं, ताकद पाण्यात आहे हे मी तुम्हाला सांगितलं. ते अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं मी पूर्ण आवाजात सांगितलं. पाण्यात थोडं उतरतं. तुमची शरीरं धड आहेत, प्यायलात तर बिघडत नाही. पण बळ दाण्यात असतं. दाणा खायचा असतो. आणि घरात कुणाच्या किडन्या अधू असतील तर हे पाणी ओतायचं, मोरीत, लगेच, डोळ्यांसमोर. माझा भाऊ ते पिऊन मरता मरता वाचलाय. माझ्या शब्दावर प्यायला.

पळीवालीने पळी खाली ठेवली — "बाई, मग तीस वर्षं आम्ही काय प्यायलो?"

"कोमट पाणी. लिंबू पिळून."

कुणीतरी हसलं. थोड्या हसल्या. मग इस्त्रीखात्यातली एक बाई पुढे आली. तिला मी ओळखते, रुंद हाडाची, मनगटावर भाजल्याचा डाग. हळू म्हणाली, "मी घरी लेकीला पाणी द्यायचे. दाणे मी खायचे. चांगलं ते लेकीला, म्हणून."

मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "असू द्या. आता बदलते." तिने मला धीर दिला. तिने!

चुन्याची बादली मागितली. सेक्रेटरी आडवा आला — "बाई, ही संघटनेची ओळख आहे, बैठक घेऊ, ठराव करू." म्हटलं, ठराव तुम्ही करा, चुना मी लावते. पळीवालीने शिडी धरली. 'ताकद' पुसायला तीन हात लागले, लाल रंग खालून पुन्हा पुन्हा दिसत होता.

मागच्या बाकाकडे बघितलं. दादाची मान खाली. पण आज खांदे हलत होते.

२२ मार्च, शनिवार

पाणी मोरीत. तिन्ही वेळा. तो दाराशी उभा राहून बघतो. ओठ कोरडे पडलेत. बर्फाचा खडा चोखायला दिला. रेघेत मोजून.

२४ मार्च, सोमवार

५.२!

आहारवालीने कागद दोनदा वाचला. "मावशी, काय केलंत?"

म्हटलं, "ओतलं."

डॉक्टर म्हणाले, डायलिसिस आता लांबवता येईल. काही महिने. नीट राहिला तर जास्तही.

मी आहारवालीच्या पाया पडणार होते, ती घाबरून उठली.

२५ मार्च, मंगळवार

मी पातेलं उपडं करत होते. मागून दादा म्हणाला, "एक सांगू? चिडशील."

"सांग."

"भिंत उगाच पुसलीस. तुझ्या भाषणासाठी नव्हतो पीत मी. तहान लागायची गं. आणि ते पाणी लहानपणापासून तोंडात बसलंय."

"मग त्या दिवशी 'ताकद पाण्यात आहे' असं का म्हणालास?"

त्याने पातेल्याकडे बोट केलं. "ते वाक्य तुझं नाहीच, ठिणगे. माझं आहे. आई कामावर. घरात मूठभर दाणे. तू चार वर्षांची. ताट ढकललंस — दादा खाणार नाही तर मी पण नाही. काही केल्या ऐकेनास. मग मी म्हटलं, वेडे, खरी ताकद पाण्यात असते. पाणी मी पितो. उरलेले दाणे तू खाऊन टाक."

मी खाल्ले होते. सगळे. आणि रुसले होते — चांगलं ते दादा घेतो म्हणून.